मुफ्लिह कॉफी प्यायला

अम्मानजवळच्या आमच्या सल्त गावात माणसाचं वय विचारत नाहीत, तो कोणत्या साली तौजीहीला बसला ते विचारतात. तौजीही म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. मी, मुफ्लिह आणि नायिफ पंचाहत्तरचे. मुफ्लिह शाळेत पहिला आला, नायिफ कसाबसा पास झाला, आणि मी, जिर्यिस, दोघांच्या मध्ये कुठेतरी. आयुष्यभर मी तिथेच आहे. पुढे त्याच शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर सुदान दाखवताना मुलांना सांगायचो, इथे आमच्या वर्गातलं एक गाढव राहतं.

शाळेने आता माजी विद्यार्थ्यांचं पुस्तक काढायचं ठरवलंय. मुफ्लिहवर दोन पानं द्या म्हणाले, त्याची सन्मानपत्रं घाला, निर्वासितांच्या छावणीतल्या मुलांबरोबरचे फोटो घाला. मी नाही म्हणून कळवलं. सन्मानपत्रांबद्दल लिहायला कोणीही चालेल. मला जे लिहायचंय ते त्या पुस्तकात बसणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

शाळेच्या शेवटच्या वर्षी जानेवारीत इतका बर्फ पडला की डोंगरावरची एक वाडी चार दिवस तुटली. मुफ्लिहने काकाच्या भट्टीतून रोट्यांचं पोतं उचललं आणि निघाला. नायिफ म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? त्यांच्यासाठी सरकार आहे." हा ऐकतोय कसला. दुपार टळली तरी परत आला नाही, तेव्हा नायिफ शिव्या देत त्याच्या मागे चढला. मुफ्लिह सापडला तो एका म्हातारीच्या चुलीपाशी, बूट फाटलेले, पाय निळे, आणि मजेत चहा पीत होता. नायिफने आधी एक मुस्कटात दिली, मग स्वतःचे मोजे काढून त्याला घातले. पुढे कितीतरी वर्षं तो हे सांगायचा, "हा लोकांसाठी जातो आणि मी ह्याच्यासाठी जातो. पुण्य ह्याला, सर्दी मला."

त्या दोघांची दोस्ती अशी होती. मी बघणारा होतो. खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटायचा.

मुफ्लिह पाण्याचा इंजिनियर झाला आणि एका मदत संस्थेत लागला. सुदानात आणि आणखी कुठे कुठे, छत्तीस वर्षं त्याने एकच काम केलं. जिथे माणसं घरदार सोडून उघड्यावर येऊन बसत, तिथे तो टाक्या उभ्या करायचा, नळ टाकायचा, पाण्यात औषध मिसळायचा. रजेवर आला की त्याच्या कपड्यांना पोहण्याच्या तलावासारखा वास यायचा. लग्न दोनदा ठरलं. पहिली मुलगी तीन वर्षं थांबली आणि डोळ्यांच्या डॉक्टरशी लग्न करून मोकळी झाली. दुसरी तेवढीही थांबली नाही. मी दोघींनाही दोष देत नाही.

आमच्याकडे पुरुषाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मी सलीमचा बाप म्हणून अबू सलीम, नायिफ उबैदाचा बाप म्हणून अबू उबैदा. मुफ्लिहला काय म्हणायचं हे गावाला कधी कळलंच नाही. छावण्यांमधल्या बायका आपल्या मुलांची नावं मुफ्लिह ठेवत होत्या, आणि इथे साठीच्या माणसाला वाणीसुद्धा शाळकरी पोराला मारावी तशी नुसत्या नावाने हाक मारायचा. तो हसायचा. मला ते ऐकवत नसे.

रजेवर तो नायिफच्या घरीच उतरायचा. उबैदा त्याच्या अंगाखांद्यावर वाढला. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि भूगोलाचा तास सुरू झाला की विचारायचा, "सर, काका आता कुठे आहेत?" मी नकाशावर छडी टेकवायचो. बाकी अभ्यासात तो बापावर गेला होता.

एकोणिसाव्या वर्षी त्या पोराला रक्ताचा कर्करोग झाला. अम्मानच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा नायिफने मुफ्लिहला फोन केला, मी बाजूलाच होतो. तो फक्त एवढंच म्हणाला, "ये." पलीकडून मुफ्लिह सांगत होता की छावणीत गोवराची साथ आहे, मुख्य नळ फुटलाय, रोज मुलं जाताहेत, दहा दिवस दे. नायिफने दिले. बाराव्या दिवशी उबैदा गेला. मुफ्लिह तेव्हाही नळापाशीच होता.

तीन दिवस दुखवटा चालला, सगळं गाव येऊन गेलं. मुफ्लिहचा फोन आला, तो नायिफने घेतला नाही. पुन्हा आला, पुन्हा घेतला नाही. नायिफ तोंड बघणार नाही म्हणून मुफ्लिह रजेवर यायचाच बंद झाला. हे मला जास्त लागलं. नळासाठी थांबला ते मी समजू शकतो, पण भीतीने नऊ वर्षं तोंड लपवणं म्हणजे काय!

निवृत्त झाल्यावर परत आला आणि औषधाच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा घेतली. घरात खुर्ची एकच. मी गेलो की मला खुर्ची आणि तो पलंगाच्या कडेवर. आईवडील केव्हाच गेलेले, चुलतभाऊ कुवेतला. दर महिन्याला आमची पंचाहत्तरची मंडळी कुणाच्या तरी बागेत जेवायला जमतात, तिथे मुफ्लिह आला की नायिफ ताट तसंच ठेवून उठायचा. एकदा घरी सोडताना मुफ्लिह गाडीतच बसून राहिला. म्हणाला, "जिर्यिस, मला ह्या गावात दुसरं काही नको. तो एकदा माझ्याशी बोलला पाहिजे. शिवी दिली तरी चालेल."

मग मी ठरवलं, जाहा न्यायची. आमच्याकडे मुलगी मागायची असो की खून माफ करवायचा असो, मोठी माणसं घेऊन दारात जावं लागतं. यजमान कॉफी देतो, तुमच्यातला सगळ्यात वडीलधारा ती समोर ठेवतो आणि हात लावत नाही. मग आपलं मागणं मांडतो. यजमान म्हणाला, "कॉफी घ्या, तुमचं काम झालं," की सगळे पितात. नाही म्हणाला तर कप तसेच ठेवून उठायचं. भरल्या कपांनी माणसं परत गेली तर त्या घराची सात पिढ्या बदनामी, म्हणून बहुतेक काम होतंच.

पण जाहाला तीस-चाळीस माणसं लागतात, आणि तीसुद्धा मागणाऱ्याच्या कुळातली. मुफ्लिहसाठी मी आठवडाभर फिरलो. सगळे म्हणाले, देवमाणूस आहे हो! आणि सगळ्यांना त्या दिवशी नेमकं काम निघालं. ज्या माणसाने लाखभर लोकांना पाणी पाजलं त्याच्यासाठी पाच जण जमले. आमचे जुने मुख्याध्यापक हाज तुर्की, वय सत्त्याऐंशी. वर्गातले दोघे, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. मी, तोही ख्रिस्ती. आणि पाचवा स्वतः मुफ्लिह.

गाडीत मी त्याला बजावलं, "कपाला हात लावायचा नाही."

"मला शिकवतोस? मी काय परका आहे?"

"सांगून ठेवतो आपलं."

"हाज," तो मागे वळून म्हणाला, "ह्याला गप्प करा. शाळेतही असाच होता."

"शाळेत तू पण असाच होतास," हाज तुर्की म्हणाले. "ऐकायचास नाही."

नायिफने आम्हाला दारातच बघितलं आणि सगळं ओळखलं. पण आलेल्या माणसांना घरात घ्यावंच लागतं. भिंतीला लागून गाद्या होत्या, तिथे बसलो. नायिफ समोर, मांडीवर हात. त्याचा धाकटा भाऊ दीब कॉफीची किटली घेऊन आला, कडू, वेलचीची कॉफी. पहिला कप हाज तुर्कींना. त्यांनी तो घेतला आणि शांतपणे समोर ठेवला. दुसरा माझ्यापुढे, मीही ठेवला, माझं बघून वर्गातल्या दोघांनीही. दीब पुढे सरकला, मुफ्लिहच्या हातात कप दिला.

आणि मुफ्लिह कॉफी प्यायला.

एका घोटात प्यायला, आणि नको असल्यावर हलवतात तसा रिकामा कप डावी-उजवीकडे हलवून दीबला परत दिला. वर म्हणाला, "अल्लाह बरकत देवो." मग आमच्या तोंडांकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. मी त्याला तिथेच बडवणार होतो.

हाज तुर्कींनी घसा साफ केला, पण नायिफने हात वर केला.

"मुफ्लिहने कप रिकामा केला," तो हाजकडे बघत म्हणाला. "म्हणजे त्याला माझ्याकडे काही मागायचं नाही. तुम्हीही घ्या, हाज. बसा, जेवून जा."

"अबू उबैदा, चुकून झालं," मी म्हणालो. "सवय आहे त्याची."

"कसली सवय?"

उत्तर मुफ्लिहने दिलं, खाली बघत. "तंबूत बायका कॉफी द्यायच्या. घरात दुसरं काही नसायचं. जरा थांबलं तरी त्यांना वाटायचं, आपला कप ह्याला घाण वाटतो. म्हणून हातात आला की लगेच प्यायचो. छत्तीस वर्षं."

"बघा," नायिफ हाजना म्हणाला. "तिथल्या बायकांना काय वाटेल हे ह्याला कळतं."

हे खरं होतं. ऐकू न येणाऱ्याने मला विचारलं, "झालं का? प्यायची का?" मी त्याला नाही म्हणून खूण केली.

तेव्हा मुफ्लिह उठला. मला वाटलं, निघाला. तो नायिफसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला मागायचं काहीच नाही. बरोबर आहे तुझं. मी दुखवट्याला आलोय. तिथे कॉफी पितातच." आणि दुखवट्याला आलेला माणूस म्हणतो ते शब्द तो बोलला, "अल्लाह तुझ्या दुःखाचं मोठं फळ देवो."

ह्याला उत्तर द्यावंच लागतं. शत्रू आला तरी द्यावं लागतं. नायिफ म्हणाला, "अल्लाह तुमच्या येण्याचे आभार मानो." तुमच्या. वाटेवरचा अनोळखी माणूस दुखवट्याला डोकावला तर त्यालाही आम्ही हेच म्हणतो.

आम्ही उठलो. कप तसेच भरलेले राहिले. गाडीत मुफ्लिह म्हणाला, "बोलला ना?"

"ह्याला बोलणं म्हणतोस?"

"बोलला," तो म्हणाला. मला त्याची इतकी कीव आली की मी गाडी चुकीच्या गल्लीत घातली.

दुखवटा तीन दिवसांचा असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुफ्लिह पुन्हा तिथे जाऊन बसला. मी सोबत होतो, कारण गाडी माझी. त्याने तेच शब्द म्हटले, नायिफने तेच उत्तर दिलं, दीबने कॉफी दिली. पाऊण तास बसलो. नायिफच्या बायकोने एकदा पडद्यामागून बघितलं आणि आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशीही गेलो. शब्द झाले, उत्तर झालं. निघताना मुफ्लिह दारापर्यंत पोचला होता, तेव्हा नायिफ बसल्या जागेवरून म्हणाला, "थांब."

मुफ्लिह थांबला.

"शेवटचे पाच दिवस तो रोज सकाळी विचारायचा, काका आला का? मी म्हणायचो, विमानात बसला, उद्या पोचतो." नायिफ अगदी सावकाश बोलत होता, उतारा पाठ म्हणावा तसा. "रोज उद्या. मी त्या पोराशी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. परीक्षेत नापास झाला तेव्हाही नाही. आणि शेवटचं जे बोललो ते खोटं बोललो. तुझ्यासाठी."

मुफ्लिहने दाराची चौकट धरली होती. "तो काय म्हणाला?"

"म्हणाला, मग मी जरा झोपतो. काका आला की मला उठवा."

मला तिथे उभं राहवेना, पण जायला वाट नव्हती, दारात मुफ्लिह होता. तो रडत होता, तोंड न झाकता, लहान मुलासारखा. नायिफ रडला नाही. त्याने हात लांब करून खिडकीबाहेर दाखवलं, जिथे उतारावर कबरस्तानाची भिंत दिसते.

"भिंतीपासून तिसरी कबर," तो म्हणाला. "आलास ना? जा आता. उठव त्याला."

मुफ्लिह जिना उतरला. मी गाडीचं दार उघडलं, पण तो गाडीकडे आलाच नाही, पायीच उताराला लागला. मी हळूहळू गाडी त्याच्या मागून नेत गेलो. भिंतीपासून तिसऱ्या कबरीपाशी तो गुडघ्यांवर बसला, दगडावर हात ठेवला आणि त्याला नावाने हाका मारायला लागला.