मोरीतलं मशीन आणि मंदाचा भाकरतुकडा

गेल्या आठवड्यात आमच्या मोरीतलं मशीन उपटून टाकलं. क्वार्टर्सच्या लाइनीत जो तो विचारतोय, एवढ्या हौसेनं बसवलेली वस्तू काढली का... म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकते.

आमचे हे इंदापुराकडच्या साखर कारखान्यात फिटर. भंगारातले, उसाच्या चरकाला असतात तसे, दोन लोखंडी रूळ आणले, स्वयंपाकघरातल्या मोरीची फरशी फोडली आणि भोकाखाली बसवले. बाजूला दांडा. खरकटं टाकायचं, तांब्याभर पाणी ओतायचं, दांडा फिरवायचा... सगळं वाटून पाईपनं मागच्या केळीच्या आळ्यात.

"एकोणीसशे छत्तीस साल हाय हे, आजून खरकटं उचलत बसायचं व्हय?" येईल त्याला हे ऐकवायचे. मलाही बाई ते मशीन फार आवडलं होतं. मोरीला वास नाही, माश्या नाहीत.

त्यात आमची मंदा तापली. साडेतीन वर्षांची पोर... बारामतीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप हटेना. पणदऱ्याहून सासूबाई आल्या.

दुपारी त्यांनी मंदावरून भाकरतुकडा ओवाळला, द्रोणात ठेवला आणि चपला घालायला दारात गेल्या. ओवाळलेला तुकडा तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा फुटतात तिथं, नेऊन टाकायचा असतो. तो घरात ठेवत नाहीत.

तेवढ्यात हे कारखान्यातल्या हजेरीवाल्या भगवानरावांना मशीन दाखवायला घेऊन आले. चालवून दाखवायचं तर खरकटं हवं... समोर द्रोण दिसला. मी मंदाच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलून बाहेर आले, तोवर दांडा फिरवून झाला होता.

सासूबाई दारातच थिजल्या. "दत्तू, काय केलंस रं? इडापिडा भाईर न्यायची, तर तू घरातच कोंबलीस."

"ती कवाच केळीत गेली," म्हणून हे हसले. भगवानराव काही हसले नाहीत. चहा न घेताच निघून गेले.

मग आतल्या खोलीत मंदा कण्हली... आणि मोरीतला दांडा हलला.

मला वाटलं भास झाला. ती पुन्हा कण्हली, पुन्हा दांडा थोडा फिरला. कुणाचा हात नाही, पाणी ओतलेलं नाही. भरदुपारी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला सांगू, देवाचं नावसुद्धा तोंडात येईना.

"पायपात हवा कोंडली आसंल," हे म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

दिवस कलला तशी पोर हाकेला ओ देईना. डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हती. दारातून मोरी दिसते ना... तिकडं बघत होती.

मी यांच्यावर ओरडलेच. "आवं, खोला ते आदी! पोर हातची गेली तर मशीन उरावर घिऊन बसू व्हय?"

यांनी पान्हा आणला, रूळ सोडवले. याच रुळांनी आंब्याच्या कोयीचाही भुगा केला होता. त्या रुळांच्या मधोमध भाकरतुकडा... अख्खा. आणि ठणठणीत कोरडा.

यांनी तो उचलला आणि चटका बसल्यासारखा माझ्या हातावर ठेवला. गरम होता... मंदाच्या कपाळाइतका.

मग हे उठले. तुकडा द्रोणात घेतला आणि कालव्याजवळच्या तिकाटण्याकडं निघाले. सासूबाईंनी मागून एवढंच सांगितलं, "टाकलं की सरळ घरी ये. कुनी बी हाक मारली तरी मागं बघू नगंस."

हे परतले, पाय धुतले, तोवर मंदाला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. पोरीनं पाणी मागितलं, मग वाटीभर पेज प्याली. आम्ही तिघंही लहान मुलांसारखे रडलो.

दुसऱ्याच दिवशी यांनी पाईपसकट सगळं उपटलं आणि खड्डा सिमेंटनं बुजवला.

काल मंदाची वेणी घालत होते. काही नाही, काही नाही आणि एकदम म्हणाली, "आये, बाबा मला वाटंवर ठिवून आलं. म्या लई हाका मारल्या... त्यांनी मागं बघितलंच न्हाय."

मी हातातले पेड तसेच धरून बसले. यांना अजून सांगितलेलं नाही.

पोर वाचली, देवाचे फार उपकार आहेत... अगदी मनापासून मानते, रोज मानते. आणि हात जोडून झाले की तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघून घेते.