बागेच्या दारातली चिमी

नातसुनेच्या वेणीतल्या बकुळीचा वास आला की मला पर्वतीच्या पायथ्याची ती बाग आठवते. लग्न होऊन मी नुकतीच पुण्यात आले होते. घरच्या बायकांबरोबर बागेत फिरायला जायचं म्हणून केवढी हरखले होते! पाटाकाठच्या गार वाटेनं बकुळीची फुलं वेचत मागे राहिले, आणि चुकले. चहूकडे उंच भिंत. कसंबसं दार सापडलं, तर पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला.

"एकटी पोर भायेर सोडत न्हाई. कुणाच्या घरची तू?"

मी सासरचं आडनाव सांगितलं.

"त्या आडनावाची लई घरं हाईत. नवऱ्याचं नाव काय? सासऱ्याचं?"

ती नावं तोंडानं कशी घ्यायची? मी ओचा मुठीत घट्ट धरला. आतली फुलं घामेजून गेली.

"मग तुझं तरी सांग."

"चिमी," मी म्हणाले. सासरी ठेवलेलं नाव अजून जिभेवर बसलं नव्हतं.

इतक्यात भिंतीपलीकडून थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला, "अहो, आमची राधा आहे का आत?"

"राधा न्हाई हितं. एक चिमी हाय."

"चिमी? ती आमची नव्हे," म्हणाल्या आणि त्यांची पावलं दूर जाऊ लागलीसुद्धा.

राधा म्हणजे मीच, हे ध्यानात यायला मला एक क्षण लागला. मग जिवाच्या आकांतानं ओरडले, "जाऊबाई, मीच ती राधा!"

भाला बाजूला झाला. तेव्हा वाटलं, सुटले. आता वाटतं, पहारेकऱ्यानं सोडलं ते राधेला. चिमीला न्यायला कोणी आलंच नाही.