अर्धी भादरलेली म्हैस

घोडेगावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी कडूबाईच्या दारात म्हशी उभ्या राहतात. नेवाशाच्या भागात म्हैस विकायला न्यायची तर आधी भादरून, तेल चोळून काळीकुळकुळीत करतात. केसाळ म्हशीकडं गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही. हे काम गडीमाणसांचं, पण नवरा गेल्यावर कडूबाईनं त्याचा वस्तरा उचलला आणि आता तिच्यासारखा हात आसपासच्या गावांत कुणाचा नाही. पदर कमरेला खोचायचा, साबणाचं पाणी मारायचं आणि मानेपासून शेपटीकडं वस्तरा ओढत यायचं. पायाशी केस, फेस, शेण आणि फुटलेल्या गोचिडांचा काला साचतो. कुणी नाकाला रुमाल लावला की ती म्हणते, "गोठ्यात काय अत्तर मिळतंय व्हय?" खुरातल्या अळ्या तिनं बोटांनी वेचल्यात, व्यालेल्या म्हशीची वार उचलून पुरलीय. तिला किळस येते ती माणसांची.

ती भावाच्या, सुनीलच्या मळ्यात राहते. त्याची पोरगी दिशा सहावीत. यंदा पोरीच्या हातापायांवर, वरच्या ओठावर काळी लव दाटली. वयच तसं. पण शाळेत कुणीतरी म्हणालं, हिला भादरायची राहिली, आणि म्हशी भादरणाऱ्या घरातलीच पोर म्हटल्यावर ते नाव चिकटलं. भर चैत्रात पोर बापाचा लांब बाह्यांचा शर्ट घालून वावरू लागली. शाळेत जाताना पोट दुखायला लागलं.

आईनं, रेश्मानं, पोरीला जवळ घ्यायचं सोडून शेजारच्या छबूबाईला बोलावलं. तिनं दिशाचा हात उजेडात धरून उलटापालटा केला, बाजारात शेळी चाचपतात तसा. मिसरीनं बरबटलेल्या बोटानं पोरीचा ओठ वर करून बघितला. पुढं पाव्हणं कशी पसंत करायची, म्हणाली, आणि राख-डाळीच्या पिठानं रगडायला सांगितलं. रेश्मानं रगडलं. कातडं सोलपटलं, केस होते तिथंच राहिले. ओठावरचा मिसरीचा वास पोर दोन-दोनदा धूत होती. कडूबाई अंगणाच्या कडेला जाऊन थुंकली. "न्हाती-धुती बी न्हाई लेकरू आजून," ती भावजयीला म्हणाली, "आन तुमी तिला पाव्हण्याम्होरं बशीवलं."

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच आठवड्यात वैजनाथ म्हैस घेऊन आला. हा गावातला जाणता म्हणवणारा गडी, पन्नाशीचा. दिशा बादली घेऊन आली तशी त्याची नजर तिच्या ओठावर गेली.

"कडूबाई, म्हशीसंगं हिलाबी घ्या भादरून," तो म्हणाला. "बाजारात भाव येईल."

बाकीचे गडी हसले. एकाला हसता हसता ठसका लागला, त्यानं तिथंच बेडका टाकला. दिशा बादली ठेवून आत गेली. कडूबाईच्या हातात वस्तरा होता, म्हैस अर्धी झाली होती, मागं चार उभ्या होत्या. ती काम करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलं असताना पोर गोठ्यात गेली. म्हशीचा वस्तरा, म्हशीच्या बादलीतलं कालचं पाणी. दोन्ही हात कोपरापर्यंत ओढून काढले. कुणाला सांगितलं नाही, शर्ट होताच अंगावर. कडूबाईला कळलं ते तीन-चार दिवसांनी, वासावरून. बाही वर केली तर हातभर पुवाचे फोड, त्यांना शर्टाचं कापड चिकटलेलं. तिनं कोमट पाण्यानं कापड सोडवलं आणि पोरीला घेऊन नेवाशाचा दवाखाना गाठला. रेश्मालाही ओढत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखमा धुतल्या. मग दिशालाच समोर बसवून सांगितलं की ह्या वयात केस येतात, कुणाला कमी, कुणाला जास्त, त्यात घाण काही नाही. घाण त्या वस्तऱ्याला होती. मोठी झालीस आणि तुलाच नकोसे वाटले तर आईला सांगायचं, स्वच्छ साधनानं काढायचे. नाही वाटलं तर ठेवायचे. रेश्मा खाली मान घालून रडत होती.

स्टँडवर गाडीची वाट बघताना कडूबाईनं आपली बांगडी वर सारली आणि हात पोरीच्या मांडीवर ठेवला. काळ्या केसांनी भरलेला. "ह्यो बग. ह्या हातानं तुला न्हाऊ घातलंय."

दिशानं त्यावरून बोट फिरवलं. पण शाळेचं नाव काढलं की बाही खालीच.

महिन्याभरानं, बाजाराच्या आदल्या दिवशी, वैजनाथ दुसरी म्हैस घेऊन पुन्हा आला. कडूबाईनं वस्तरा घेतला. म्हशीची डावी बाजू आरशासारखी केली, मग वस्तरा पाण्यात टाकून ओट्यावर बसली.

"राहिली की निम्मी," वैजनाथ म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. तशीच न्या बाजारात."

"लोकं हासतील, कडूबाई."

"हासंनात. गमतीनं हासतील, तुमी पोरीला हासला तसं."

वैजनाथानं आधी आवाज चढवला, मग उतरवला, मग आपण बोलायला नको होतं असं पुटपुटला, तेही म्हशीकडं बघून. कडूबाईनं सुपारी कातरायला घेतली. म्हैस एका अंगानं चकचकीत, एका अंगानं राठ, उन्हात उभी होती. शेजारची पोरं जमून तिच्याकडं बोटं दाखवायला लागली.

दिशा दारातून बघत होती. ती बाहेर आली.

"आत्या, तिला कशापायी आर्दी ठेवायची? तिनं काय केलं?"

कडूबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "तू पानी मारशील?"

पाणी मारायचं तर बाह्या भिजतात. दिशानं दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. खपल्या पडून गेलेले हात, त्यांवर केस परत आलेले. पोरांकडं न बघता तिनं म्हशीच्या उजव्या अंगावर तांब्यानं पाणी मारलं आणि साबण चोळायला लागली. वैजनाथाची नजर त्या डागांवर गेली आणि तिथून कुठं न्यावी ते त्याला कळेना.

कडूबाईनं म्हैस पुरी केली. वस्तऱ्यावरचा केस-गोचिडांचा लगदा बोटानं निरपला आणि वैजनाथाच्या पांढऱ्या चपलेवर झटकला.

"न्या आता," ती म्हणाली. "आन फुडच्या टायमाला म्हैस गड्यासंगं धाडा. तुमी येऊ नगा. मला वकारी येती."