साहेबांचं चिन्ह नाही, कपबशी

माझी थोरली जाऊ सिंधुबाई मागच्या खेपेला सरपंचपदाला एकोणीस मतांनी पडली. आणि पाडलं कुणी? आमच्याच माणसांनी! साहेब म्हणजे आमचे आमदार, शहादा तालुक्यात भलतेच लोकप्रिय. त्यांनी सभेत सांगितलं, "सिंधुबाईला मत म्हणजे मला मत." झालं! बाया मतदानाला गेल्या आणि मशीनवर साहेबांच्या पक्षाचं चिन्ह शोधत बसल्या. अहो, ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच! सिंधुबाईला कपबशी मिळाली होती. चिन्ह सापडेना, मग हाताला येईल ते बटण दाबून मोकळ्या. असा संताप झाला माझा, काय सांगू!

यंदाही कपबशीच मिळाली. सिंधुबाई खरीखुरी कपबशी पिशवीत घालून दारोदार फिरली, कापूस वेचणाऱ्या बायांपाशी शेतात गेली. "मन्हं नाव काय? मन्हं चिन्ह काय?" उत्तर मिळाल्याशिवाय हलायची नाही. पायाला फोड आले.

तिचे यजमान नथ्थूभाऊ वैतागले. "कशाले हिंडी ऱ्हायनी वो? साहेब येतीन ना!"

"मागला टायमले बी येल व्हतात," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

प्रचार संपायच्या दिवशी साहेब आले. अर्धा तास स्वतःबद्दल बोलले, मग हात उंचावून तेच, "सिंधुबाईला मत म्हणजे मला मत!" टाळ्यांचा कडकडाट. 

सिंधुबाई उठली, माइक हातात घेतला. "साहेब, तुमना मोठा उपकार. पन बहिनीस्वन, मशीनमा साहेब नही, साहेबनं चिन्ह बी नही. तठे मी शे. कपबशी दखा, मन्हं नाव दखा."

साहेबांचं तोंड उतरलं. त्यांचे कार्यकर्ते खवळले, म्हणाले, मतदानाच्या दिवशी केंद्रावर तुझे एजंट म्हणून आम्ही बसणार नाही. नका बसू, म्हणाली. मग मीच बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जागची न हलता.

सिंधुबाई एकतीस मतांनी निवडून आली! मोजणीच्या ठिकाणाबाहेर तेच कार्यकर्ते गुलाल घेऊन हजर. "साहेबांचा विजय असो!" म्हणत हार पुढे केला. सिंधुबाईनं मान वाकवलीच नाही.

"पहिले मन्हं नाव ल्या."

 एकजण तिचं नाव पुटपुटला.

"जोरमा!" ती म्हणाली.

शेवटी घेतलं त्यांनी नाव, सगळा रस्ता ऐकेल असं. तेव्हा कुठं तिनं मान पुढे केली.