वाळवंटातला दहावा

मी सातवीला भूगोल शिकवते. पुस्तकात वाळूच्या टेकडीचं चित्र आहे. वारा वाळू वाहून आणतो, तिचा ढीग होतो आणि ही टेकडी हळूहळू जागा बदलते, असं त्याखाली लिहिलंय. गेवराई तालुक्यातल्या आमच्या गोदाकाठच्या पोरांना हे शिकवायला काहीच त्रास पडत नाही. गायरानात, शाळेमागं, देवळाच्या आडोशाला अशा टेकड्या हायवा, म्हणजे वाळूचा मोठा डंपर, रोज आणून टाकतो. त्या जागाही बदलतात, आणि हळूहळू तर मुळीच नाही. साहेबांच्या गाडीची खबर लागली की बघता बघता अख्खी टेकडी गायब! वाऱ्याच्या बापाला जमणार नाही.

'वाळवंट' या शब्दापाशी मात्र माझी पंचाईत होते. पुस्तकातल्या वाळवंटात उंट असतो. आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडी वाळवंट म्हणजे गोदावरीच्या पात्रातली वाळू. तिथं उन्हाळ्यात त्यांची टरबुजं असायची. हातभर उकरलं की पाण्याचा झिरा लागायचा. ती वाळू माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं आधी ट्रॅक्टरनं, मग हायवानं उपसून नेली. एकटा नव्हता तो, निम्मा गाव होता. पण बाकीच्यांचे बाप त्यांच्याशी बोलत होते. आप्पांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पात्रात खड्डे पडले, काठावरची आमची विहीर आटली, तरी हा म्हणायचा, "वाळू काय कुणाच्या बापाची हाय का?" बाप समोरच बसलेला असायचा.

जायच्या आधी आप्पा मला एवढंच म्हणाले, "त्याला म्हनावं, नदी सोड." मी भावाला सगळ्यांदेखत सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि फोन कानाला लावला.

आमच्याकडं दहाव्याचे पिंड वाळवंटातच ठेवतात, दुसरीकडं नाही. पण ठेवायचे कुठं? पात्रात खड्डे, चिखल आणि वेडी बाभळ. भाऊ म्हणाला, "थांबा, करतो यवस्था." आणि काय सांगू, त्यानं स्वतःच्या ढिगातली ट्रॉलीभर वाळू आणून नदीत ओतली! नदीला वाळू दान करणारा असा दानशूर आमच्याच घरात निघावा. लोक चक्क कौतुकानं बघत होते. "पोरगं बापासाठी कायबी करतंय," एक चुलते म्हणाले. मला हसावं की त्याच वाळूवर डोकं आपटावं, कळेना.

पिंड मांडले. गुरुजींनी सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. कावळे रग्गड होते, बाभळीवर बसून खाली बघत होते. एकही उतरेना. असं झालं की गेलेल्याची काय इच्छा राहिली ते ओळखायचं आणि घरच्यांनी मोठ्यानं शब्द द्यायचा, ही रीत. भाऊ हात जोडून पुढं झाला.

"आप्पा, आईला सांभाळीन." कावळे ढिम्म.

"गाय इकणार न्हाई." ढिम्म.

"बहिणीला दिवाळीला आणीन." मला आणीन म्हणे! माझं सासर दोन गल्ल्या पलीकडं.

"आप्पा, तुमच्या नावानं येशीत कमान बांधतो!" वाळू न उपसता कमान काय हवेची बांधणार होता?

ऊन वाढलं. पाव्हणे भुकेनं चुळबुळ करायला लागले. कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण सगळे त्याच्याकडंच बघत होते. काय म्हणायचं राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, बहुतेक कावळ्यांनासुद्धा. मला राहवेना. "दादा, बोल की एकदाचं. कावून छळतूस त्यान्ला?"

"तू गप गं."

पण त्याचे ओठ हलले. खरं सांगते, मला वाटलं, म्हणतोय हा. माझे डोळे भरून आले. नदी गेली ती गेली, निदान आप्पा तरी सुटतील. त्यानं घसा खाकरला आणि गुरुजींकडं वळला.

"गुरुजी, लई येळ झाला. दर्भाचा कावळा करा."

कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा, म्हणजे गवताचा कावळा करून पिंडाला टेकवतात. सोय आहे तशी. गुरुजींनी चार काड्या मुरगाळल्या, टेकवल्या, झालं. पाव्हणे टॉवेल झटकत उठले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

आई इतका वेळ तोंडाला पदर लावून बसली होती. ती उठली, भावापाशी आली आणि शांतपणे म्हणाली, "लेकरा, माझ्या येळंला कावळ्याची वाट बघत बसू नको. घरूनच गवत घिऊन ये."

"बरं आई," भाऊ म्हणाला. हा एक शब्द मात्र त्यानं लगेच दिला.