म्यूटवरचे पेंग्विन

माझ्या सासऱ्यांचं इंग्लिश त्यांच्या आधी दोन वर्षं गेलं.

आबा आयुष्यभर इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, हॉस्पिटलांमध्ये भूल देणारे डॉक्टर. गोऱ्या पेशंटना जोक सांगत सांगत झोपवायचे. सासूबाई गेल्यावर इल्फर्डचं घर विकून आमच्याकडे रीडिंगला आले. जरा कुठे रुळले, तर स्ट्रोक.

हातपाय सावरले. मराठी परत आलं, अडखळत का होईना. इंग्लिश मात्र पार पुसलं गेलं. बोलता येईना, दुसऱ्याचं बोललेलं कळेना.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, होतं असं कधी कधी.

मला आणि निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काय फरक पडणार होता? आम्ही मराठीच बोलायचो त्यांच्याशी.

पण इरा?

इरा आमची लेक, तेव्हा नऊ वर्षांची. आबांची एकदम लाडकी. दोघांचं गूळपीठ सगळं इंग्लिशमध्ये. तिला मराठी कळायचं ते "जेवायला ये" आणि "मोजे घाल" एवढंच. बोलायची ते "आई, भूक लागला."

(घरी मराठी बोलत जा, असा सल्ला कमेंटमध्ये देऊ नका, प्लीज. बोलतो हो आम्ही. पोरं उत्तर इंग्लिशमध्ये देतात.)

ती आबांच्या खोलीच्या दारात यायची, हसायची आणि निघून जायची. ते हाका मारायचे. मग हाकाही बंद झाल्या.

एकदा मला म्हणाले, "पाहुण्यासारखी येते गं ती."



तेवढ्यात ख्रिसमस आला. आबांचं ठरलेलं वाक्य, "मला काही आणू नका, कपाटात जागा नाही." निखिलने ठरलेल्या स्लिपर्स आणल्या. मी वाइल्डलाइफ डॉक्युमेंटरीचा डीव्हीडी सेट आणला.

"अगं, डीव्हीडी कोण बघतं आता? आणि सगळी कॉमेंट्री इंग्लिशमध्ये!"

"मग? प्राणी कुठे इंग्लिश बोलतात?"

खरं सांगते, हे मी नुसतं त्याचं तोंड बंद करायला म्हटलं होतं.

आबांनी सेलोटेप नखाने सोडवली, कागद जराही न फाडता घडी घालून बाजूला ठेवला. जेवणं झाल्यावर निखिलने डीव्हीडी लावली.

बर्फ. पेंग्विन. आणि निवेदकाचा तो भारदस्त साहेबी आवाज.

आबांच्या कपाळावर आठ्या. दोन मिनिटं सहन केलं, मग रिमोट उचलला आणि म्यूट!

निखिलने माझ्याकडे बघितलं. नवरे बघतात तसं, "सांगितलं होतं ना?" मी मनात म्हटलं, झालं, गेलं माझं गिफ्ट कपाटात.

आणि आबा बोलायला लागले. सावकाश, एकेक शब्द शोधत.

"बायको... निघाली समुद्रावर. नवऱ्याला म्हणाली, अंडं सांभाळ. खाली ठेवलंस तर... बघ!"

सोफ्यावरून इरा खुदकन हसली. समोर पेंग्विन अंडं पायावर घेऊन अवघडून उभाच होता, अर्धी गोष्ट तर डोळ्यांनीच कळत होती.

"आबा, कोण म्हणाला?"

"म्हणाली. बायको म्हणाली. ती."

"ओके, ती. आणि अंडं?"

"ते."

"ते? तिसरं पण आहे? दॅट्स सो अनफेअर!"

आबा किती दिवसांनी हसले म्हणून सांगू!

मग निखिलने प्लेयर त्यांच्या खोलीतच लावून दिला. इरा शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि थेट आत. टीव्ही म्यूटवर, आबांची कॉमेंट्री चालू. सिंह आयता जेवायला आला की, "हा आपला निखिल." तरस म्हणजे कोण, हे निखिललाच माहीत नव्हतं, लेकीने सांगितलं. वॉलरसला मराठीत काय म्हणायचं ते कुणालाच येईना, तर आबांनी त्याचं नाव ठेवलं मिशाळकाका. ती "घार उडला" म्हणाली की किचनपर्यंत आवाज यायचा, "उडली! उडली!"

हळूहळू प्राणी नुसते निमित्ताला राहिले.

एकदा चहा घेऊन गेले तर टीव्ही बंद. इरा सांगत होती, "आबा, माझी फ्रेंड माझ्याशी बोलत नाही. मला रडू आला."

आबांनी चूक काढली नाही. "ये, बस इथे," म्हणाले. मी चहा घेऊन तशीच परत फिरले.

मागच्या वर्षी न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये नर्स काही विचारायला आली की इरा पुढे व्हायची. आबांना दुखत नाहीये, त्यांना पडदा उघडा हवाय, सूप नकोय, चहा हवाय. आम्हाला तोंड उघडायचीसुद्धा संधी द्यायची नाही पोरगी.

शेवटच्या दुपारी निखिल फोनवर होता, मी कॉरिडॉरमध्ये मशीनसमोर कॉफीसाठी उभी. आत इरा एकटी होती.

आबांचे शेवटचे शब्द आम्ही दोघांनीही ऐकले नाहीत. इराने ऐकले. आणि तिला कळले.

ती बाहेर माझ्याकडे आली. एरवी काहीही सांगायचं असलं की इंग्लिश. त्या दिवशी मराठीत बोलली.

"आई, आबा म्हणाले, तू घरी जा, झोप. तू खूप दमला आहेस."

आम्ही आत गेलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. परत उघडले नाहीत.

आज वर्ष झालं.

आबा, मी नव्हते हो दमले. अजून कितीही दिवस बसले असते.

तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.