‘हं’ चालणार नाही

नोंदवही दोनशे पानी, आखीव आहे. पहिल्या पानावर उड्डाणापूर्वीच्या तपासणीचे चौदा मुद्दे क्रमाने लिहिलेले आहेत आणि त्यांच्याखाली, लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेले एक वाक्य: ‘हं’ चालणार नाही, ‘हो’ म्हणायचे. अक्षर मावशींचे आहे. वाक्य त्यांच्या यजमानांचे.

मावशी चौथ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीतले लहानथोर त्यांना मावशीच म्हणतात. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी सव्वीस वर्षे नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. एकही चिठ्ठी चुकली नाही, असे त्या म्हणत नाहीत. दोन चुकल्या असे म्हणतात आणि विचारल्यास तारखा सांगतात. यजमान लिफ्ट दुरुस्त करीत, म्हणून ते ‘लिफ्टवाले’. ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना एक लहानसा ड्रोन भेट दिला. दोराशिवाय वर जाणारी वस्तू बघायची तेवढी राहिली होती, असे ते त्या वेळी म्हणाल्याचे मावशींना आठवते.

‘हं’चा नियम लिफ्टच्या कामातून आलेला. तरुणपणी एकदा तारेच्या दोरावर हात ठेवण्याआधी त्यांनी वरच्या मदतनिसाला विचारले होते, बंद केलेस का? वरून ‘हं’ आले. मदतनिसाला ‘ऐकतोय’ म्हणायचे होते. उजव्या करंगळीचे एक पेर तेव्हा गेले. पुढे ड्रोनच्या तपासणीत ते यादी वाचत आणि मावशी यंत्राला हात लावून उत्तर देत. एका सकाळी ‘पंखे घट्ट?’ या प्रश्नाला मावशींनी, लक्ष गॅसवरच्या भांड्याकडे असताना, ‘हं’ म्हटले. ड्रोन दोन मजले चढला, कलंडला आणि समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीत जाऊन पडला. लिफ्टवाले रागावले नाहीत.

“अगं, बत्तीस वर्षं तू मला ‘हं’वर खेळवलंस, मी खेळलो,” ते म्हणाले. “हा नाही खेळणार.”

त्याच संध्याकाळी लाल शाईचे वाक्य लिहिले गेले.

नंतर लिफ्टवाल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो एकच उच्चार, आणि तो ‘हं’ होता.

यानंतरच्या अकरा रविवारांच्या नोंदी एकसारख्या आहेत. मावशी यादी वाचत, ड्रोन यजमानांच्या मांडीवर ठेवीत आणि ज्या भागाचा प्रश्न असे त्यावर त्यांचा डावा हात नेऊन ठेवीत. उत्तराच्या रकान्यात चौदाही ठिकाणी जसे ऐकले तसे ‘हं’ आणि शेवटी: उड्डाण नाही. ड्रोन उडणार नसल्याने बॅटरी निम्म्यावर आणून ठेवल्याची नोंद दर वेळी आहे. पूर्ण भरून ठेवली तर ती फुगते. हे सगळे कशासाठी, असे लेकीने विचारले तेव्हा रविवार आहे म्हणून, असे मावशींनी सांगितले. त्या काळात त्या वेळेवर जेवत, वेळेवर झोपत. त्यांना रडताना कोणी पाहिल्याचे आढळत नाही.

बाराव्या आठवड्यात पुनर्वसन केंद्राचा अर्ज आला. तिथे दोन मजले होते. ज्यांना समजते त्यांच्याकडून एका मजल्यावर बोलण्याचा सराव करून घेत. दुसऱ्यावर फक्त अंग पुसणे, कूस बदलणे. मजला ठरणार होता तो घरच्यांनी भरायच्या एका रकान्यावरून: बोललेले समजते, हो की नाही. अर्ज सोमवारी द्यायचा होता. डॉक्टरांचा कल ‘नाही’कडे होता. लेकीने फोनवर तेच लिहायला सांगितले. उगाच आशा लावून घेऊ नये, असे तिचे म्हणणे.

मावशींचीही खात्री नव्हती, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. त्यांनी यजमानांना विचारले होते, आज मंगळवार ना? उत्तर आले, हं. थोड्या वेळाने विचारले, आज बुधवार ना? तेव्हाही हं. त्या दिवशी गुरुवार होता.

रविवारी सकाळी त्यांनी अर्ज जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्याशेजारी वही उघडली आणि नेहमीप्रमाणे यादी सुरू केली. कॅमेऱ्यावरची क्लिप काढली? हं. मेमरी कार्ड? हं. बॅटरी फुगलेली नाही? हं. पहिला पंखा, दुसरा पंखा, दोन्हींना हं.

“तिसरा पंखा?”

उत्तर आले नाही. लिफ्टवाल्यांचा डावा अंगठा पात्याच्या बुडाशी थांबला होता, थोडा मागे जाऊन पुन्हा तिथेच आला. तारेच्या दोराचा तुटका धागा ते याच अंगठ्याने शोधीत.

मावशींनी पुन्हा विचारले. पुन्हा काही नाही. त्यांनी चष्मा बदलला, पाते खिडकीशी धरले; काही दिसले नाही. मग नख फिरवले, तेव्हा ते एका जागी अडकले. पाते किंचित वाकवल्यावर बुडाशी केसाएवढी पांढरी रेघ उमटली. आदल्या दिवशी पुसताना ड्रोन टेबलावरून घसरला होता, हे त्यांना तेव्हा आठवले.

त्यांनी डबीतून नवा पंखा काढला, त्याची खूण मोटारीवरच्या खुणेशी जुळवली, दोन बारीक स्क्रू आवळले आणि ड्रोन परत मांडीवर ठेवला.

“अहो, तिसरा पंखा?”

“हं.”

उरलेले मुद्दे वाचून झाले. सगळ्यांना हं. त्यानंतर त्यांनी लेकीला फोन करून घडलेले क्रमाने सांगितले. योगायोग असेल गं आई, ती म्हणाली. बाबांना दम लागला असेल, किंवा त्यांचं लक्ष नसेल.

“असेल,” मावशी म्हणाल्या. “पंखा मात्र तडकलेला होता.”

अर्ज नीट वाचून भर, लेक म्हणाली.

त्या दिवसाच्या पानावर तिसऱ्या पंख्यापुढचा रकाना आधी कोरा सोडलेला आहे. त्याखाली ‘बदलला’ आणि त्याच्यापुढे, बारा आठवड्यांत प्रथमच, ‘हो’. इतर तेरा ठिकाणी ‘हं’ तसेच आहे. ते मावशींनी सुधारले नाही. अर्जावर त्यांनी त्याच पेनाने ‘हो’भोवती गोल केला आणि शाई वाळेपर्यंत पान उघडे ठेवले.

मग बॅटरी निम्म्यावर आणली. शेवटची ओळ अशी आहे: उड्डाण नाही. वारा जास्त.